कोपर

एकतीस वर्षं या तळघराच्या किल्ल्या माझ्या कमरेला.
वर नेपल्स उन्हात भाजतं, खाली बारमाही दमट,
आणि चित्रं भिंतीकडे तोंड करून उभी,
शिक्षा झालेल्या पोरांसारखी.
दोनशे बारा नंबरला मी ‘ओली’ म्हणायचो.
तिच्यामागे भिंतीला ओल होती,
आणि आडोशाला ती बरी पडायची. बस, एवढंच तिचं काम.

नोंदवहीत: मरियेचा जन्म. तैलरंग.
आनिएल्लो स्पारानो, किंवा त्याच्या हाताखालचा कोणी.
अवस्था वाईट. दर्जा मध्यम.
मध्यम! मी स्वतः ते दोनदा उतरवून काढलंय,
सुवाच्य अक्षरात.

मग नुन्त्सिया आली, कापसाचे बोळे घेऊन,
म्हणाली, औषधापेक्षा थुंकी बरी.
मी हसलो.
पण सहा महिने ती कापूस जिभेवर फिरवत
बोट-बोट जागा पुसत राहिली,
आई रुमालाचं टोक ओलं करून
पोराचं तोंड पुसते तशी.
निघाला मेणबत्त्यांचा धूर,
कुणीतरी मागाहून फासलेलं वार्निश,
आणि एका म्हाताऱ्याची अख्खी दाढी,
जी मुळात तिथे नव्हतीच.

दाढीखालून निघाली सुईण.

अन्ना अंथरुणात, घामेजलेली, डोळे मिटून.
एक पोरगी निखाऱ्यांवर फडकं शेकतेय.
आणि पुढे, अगदी पुढे, ती जाडजूड बाई,
बाही दंडापर्यंत सारलेली,
तांब्याच्या घंगाळात कोपर बुडवून
थांबलेली.

हात नाही. कोपर.
बोटं विस्तवाशी खेळून निबर होतात, खोटं सांगतात;
पाण्याचा खरा चटका कोपराला कळतो.
हे मला एर्सिलियानं शिकवलं,
आमच्या पहिल्या लेकीच्या वेळी.
तिला आम्ही तीनदाच न्हाऊ घातलं.

मी म्हणालो, हे बाईनं काढलंय.
नुन्त्सिया म्हणाली, पुरावा लागतो, दोन सावेरिओ,
तुम्हाला ठाऊक आहे, तसं त्यालाही असेल.
खरं होतं तिचं. मी गप्प बसलो,
पण रात्री जाताना दिवा जरा उशिरा मालवला.

मग मठाच्या खर्चवहीत आनिएल्लो सापडला.
सोळाशे छप्पनच्या प्लेगात गेला, ऑगस्टात,
चुन्याच्या खड्ड्यात, इतरांबरोबर.
आणि सोळाशे अठ्ठावन्नच्या वसंतात
त्यानंच हे चित्र मठात पोचतं केलं,
पंचवीस दुकाट, रोख.
कामसू माणूस!
एका विद्वानानं तर लिहून ठेवलंय,
उत्तरकाळात त्याचा हात अधिक मायाळू झाला.

पैसे घेणारी: पोर्त्सिया, त्याची विधवा.
सहीच्या जागी फुली नाही, नाव आहे.
अक्षर तिरकं, घाईचं,
चुलीवर काही ठेवून आल्यासारखं.
त्यानंतर ती कुठेच नाही.
ना दुसरं चित्र, ना कबर, ना कर्जाची चिठ्ठीसुद्धा.

पाटीवर काय लिहायचं, यावर वर चार बैठका झाल्या.
शेवटी पोर्त्सियाचं नाव ठरलं, पुढे प्रश्नचिन्ह.
असू दे.
आनिएल्लोपुढे मात्र इतकी वर्षं
कुणाला ते काढावंसं वाटलं नाही,
मलाही नाही.

काल चौघांनी तिला वर नेलं. मी दार धरलं.
जिन्याच्या वळणावर चौकट भिंतीला घासली
आणि मी शिवी दिली, माझ्याच माणसांना,
पहिल्यांदाच.

आता तिच्या जागी नुसती ओल आहे,
बरोब्बर तिच्याच मापाची,
एका कोपऱ्यात बुरशी.
आडोशाला काहीतरी लावायला हवं.
दोनशे तेरा हाताशीच उभं होतं:
मासे आणि लिंबू. चित्रकार अज्ञात. दर्जा मध्यम.
उचललं,
भिंतीशी नेलं,
परत आणलं, दिव्याखाली,
आणि कुणी बघत नाही ना, हे बघून
अंगठा जिभेला लावला.